जुने रंधा मशीन घेताना काय तपासावे?

सुताराचा हातरंधा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तेच काम विजेवर करणारं यंत्र म्हणजे रंधा मशीन. बंद पडलेल्या वखारीतून असं जुनं मशीन कधीकधी स्वस्तात मिळतं. ते घ्यावं की नाही, हे कसं ठरवायचं? आज तेच पाहू. तपासण्याआधी वीज बंद करा आणि पट्टा काढून ठेवा.

१) कटर ब्लॉक : पाती ज्या फिरत्या दांड्यावर बसवतात तो कटर ब्लॉक. फार जुन्या मशीनमध्ये तो चौकोनी असतो. अशा ब्लॉकपाशी टेबलाच्या तोंडात मोठी पोकळी राहते, आणि घसरलेलं बोट खोल आत जातं. गोल ब्लॉकमध्ये ही पोकळी कमी असते. म्हणून ब्रिटनमध्ये १९२२ च्या नियमांनी हाताने लाकूड सरकवायच्या रंधा मशीनला गोल ब्लॉक सक्तीचा केला. चौकोनी ब्लॉक असेल आणि बदलता येत नसेल, तर मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका.

२) टेबल : हे बिडाचं असतं. वरचा गंज घासून निघतो, तडा मात्र निघत नाही. हातोडीने हलकेच ठोकून बघा. आवाज बद्द आला तर तडा शोधा. मग सरळ पोलादी पट्टी टेबलावर उभी धरा. खालून उजेड दिसला तर टेबल तिथे खोलगट आहे.

३) बेअरिंग : दांडा वर-खाली हलवा. खडखड झाली तर बेअरिंग झिजलंय. जुन्या मशीनमध्ये बॅबिट नावाचा मऊ मिश्रधातू ओतलेला असतो. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये अशा बेअरिंगचं पेटंट घेतलं. बॅबिट पुन्हा ओतता येतो, पण त्याला जाणकार कारागीर लागतो. तो खर्च धरूनच भाव करा.

४) मोटर आणि वेग : तीन फेजची मोटर घरच्या सिंगल फेजवर थेट चालत नाही. मिनिटाला १४४० फेरे घेणाऱ्या मोटरला ६ इंची पुली आणि ब्लॉकला २ इंची पुली असेल, तर ब्लॉकचे फेरे = १४४० × ६ ÷ २ = ४३२०. मशीनवर लिहिलेल्या वेगापेक्षा हा आकडा जास्त नको.

मोटर, पट्टा, बेअरिंग सगळं बदलता येतं, पण बोट परत येत नाही. म्हणून ब्लॉक आधी बघायचा, भाव नंतर.

स्वाध्याय : मोटरची पुली ५ इंची केली तर ब्लॉकचे फेरे किती होतील?