किरणोत्सर्गापासून संरक्षण : इतिहासाचे धडे आणि उद्याची आव्हाने

आगीचा चटका बसताच माणसाचा हात आपोआप मागे येतो. सडलेल्या अन्नाचा वास नाकाला आधीच सावध करतो. निसर्गाने दिलेली पंचेंद्रिये ही माणसाची पहिली ढाल आहे. किरणोत्सर्गापुढे मात्र ही ढाल निरुपयोगी ठरते. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही, आणि अंगावर पडताना तो सहसा जाणवतही नाही. त्याचा परिणाम कधी काही दिवसांनी, तर कधी वीस-तीस वर्षांनी दिसू लागतो. ज्या धोक्याची सूचना इंद्रिये देत नाहीत, त्याची सूचना जाणत्या माणसाने अजाणत्या माणसाला द्यावी लागते. ती वेळेवर दिली गेली की नाही, यावर गेल्या सव्वाशे वर्षांत अनेकांचे जगणे-मरणे ठरले आहे.

हा विषय पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला. कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी येईल. तत्पूर्वी थोडा इतिहास पाहू.

कुतूहलाचा काळ

८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म राँटजेन याला क्ष-किरणांचा शोध लागला. शरीर न कापता आतली हाडे दिसू लागली आणि जग थक्क झाले. पुढच्याच वर्षी बेक्वेरेलने युरेनियममधून आपोआप बाहेर पडणाऱ्या किरणांचा शोध लावला, आणि १८९८ साली मेरी व पिअर क्युरी या दांपत्याने रेडियम शोधले. या नव्या शक्तीचे आकर्षण इतके होते की तिच्या दुसऱ्या बाजूकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

तरी खुणा लगेच दिसू लागल्या होत्या. १८९६ सालीच क्ष-किरणांनी कातडी भाजल्याच्या हकिकती प्रसिद्ध झाल्या. १९०१ साली बेक्वेरेलने रेडियमची छोटी नळी खिशात ठेवली, तर त्या जागेची कातडी भाजून निघाली. एडिसनचा सहाय्यक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांचे प्रयोग करताना स्वतःच्याच हातांवर किरण टाकून पाहत असे; त्याचे हात कापावे लागले आणि १९०४ साली तो मरण पावला. त्यानंतर एडिसनने या विषयाला हात लावला नाही. १९३६ साली जर्मनीतील हँबुर्ग येथे क्ष-किरण व रेडियम यांच्या कामात बळी पडलेल्यांचे स्मारक उभारण्यात आले. त्यावर प्रारंभीच दीडशेहून अधिक नावे कोरलेली होती.

या पहिल्या पिढीविषयी एक गोष्ट म्हणता येईल. ही माणसे अज्ञातात स्वतःहून शिरली होती. त्यांच्याजवळ जे ज्ञान नव्हते, ते तेव्हा जगात कोणाजवळच नव्हते. पुढच्या काळातील बळींविषयी तसे म्हणता येत नाही.

तबकड्या रंगविणाऱ्या मुली

पहिल्या महायुद्धाच्या काळात अंधारात चमकणाऱ्या घड्याळांना मोठी मागणी आली. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील ऑरेंज येथील कारखान्यात तबकड्यांवरचे आकडे रेडियममिश्रित रंगाने रंगविण्याचे काम तरुण मुली करीत. आकडे बारीक असत, म्हणून कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची रीत त्यांना शिकविली गेली. प्रत्येक वेळी थोडे रेडियम पोटात जात होते. त्याच कारखान्यात रेडियम हाताळणारे रसायनतज्ज्ञ स्वतः मात्र शिशाचे पडदे आणि चिमटे वापरीत.

रेडियमचा रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा आहे. त्यामुळे शरीर ते हाडांत साठविते, आणि तेथून ते वर्षानुवर्षे आतूनच किरण सोडीत राहते. १९२० नंतरच्या काही वर्षांत या मुलींचे दात पडू लागले, जबड्याची हाडे कुजू लागली, काही दगावल्या. पाच जणींनी कंपनीवर फिर्याद गुदरली. १९२८ साली न्यायालयाबाहेर तडजोड होऊन त्यांना भरपाई मिळाली.

त्यांचे दुःख एका अर्थी जगाच्या कामी आले. त्यांच्या शरीरातील रेडियमची मोजमापे हाती असल्यामुळेच १९४१ साली शरीरात जास्तीत जास्त किती रेडियम सुरक्षित मानावे, हा आकडा अमेरिकेत ठरविता आला. धडा मात्र त्याहून मोठा आहे. कारखान्यात ज्ञान होते. ते कुंचला धरणाऱ्या हातापर्यंत पोहोचले नव्हते.

मर्यादा कशा ठरल्या

१९२८ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या परिषदेत क्ष-किरण व रेडियम यांपासून संरक्षणासाठी एक आंतरराष्ट्रीय समिती नेमण्यात आली. १९५० साली तिला किरणोत्सर्ग-संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग हे स्वरूप आले. शरीराला मिळणाऱ्या किरणांची मात्रा आज मिलिसिव्हर्ट या मापात मोजतात. माती, खडक, हवा व अवकाश यांतून प्रत्येक माणसाला दरवर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मात्रा निसर्गतःच मिळते. छातीच्या क्ष-किरण चित्राने ०.१ किंवा त्याहूनही कमी मिळते.

१९३४ साली कामगाराला जी रोजची मात्रा चालेल असे मानले गेले, ती आजच्या मापात वर्षाला पाचशे मिलिसिव्हर्टच्या आसपास जाते. १९५८ पर्यंत ती सरासरी ५० वर आली आणि १९९० साली पाच वर्षांची सरासरी वर्षाला २० अशी ठरली. भारतात हीच सरासरी लागू असून कोणत्याही एका वर्षात ३० च्या वर जाता येत नाही. सामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे. रुग्णाला उपचारासाठी दिलेली मात्रा यात धरीत नाहीत.

आकडा असा सतत खाली का येत गेला? हिरोशिमा व नागासाकी येथील वाचलेल्या लोकांवर १९५० पासून दीर्घकालीन पाहणी सुरू आहे. रक्ताचा कर्करोग तेथे काही वर्षांतच वाढलेला दिसला. इतर कर्करोगांची वाढ दिसण्यास दहा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ लागला. १९५६ साली ऑक्सफर्डच्या डॉ. ॲलिस स्टुअर्ट यांनी दाखवून दिले की गरोदर स्त्रीच्या पोटाचे क्ष-किरण चित्र घेतल्यास पुढे त्या बालकाला कर्करोग होण्याचा संभव वाढतो. वैद्यकीय जगाला हे पटण्यास बरीच वर्षे गेली. तात्पर्य, पुरावा उशिरा येतो; म्हणून पुरावा येण्याची वाट न पाहता सावध राहावे, हे या शास्त्राचे सूत्र बनले. १९७७ साली आयोगाने ते तीन तत्त्वांत मांडले : हानीहून लाभ अधिक असल्याशिवाय किरणांचा वापर करू नये, केला तर शक्य तितकी कमी मात्रा द्यावी, आणि ठरविलेली मर्यादा ओलांडू नये.

प्रत्यक्ष कामात संरक्षणाचे उपायही तीनच : वेळ, अंतर आणि आडोसा. उगमाजवळ कमीत कमी वेळ थांबावे. छोट्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले तर मात्रा चौपटीने घटते. मध्ये शिसे वा काँक्रीट असावे. हे शाळकरी मुलालाही कळेल इतके सोपे आहे. पण समोर काय आहे हे माहीत असेल तरच त्याचा उपयोग.

भंगारातील मृत्यू

ते माहीत नसले तर काय होते, हे ब्राझीलमधील गोयानिया शहराने पाहिले. तेथील एका रुग्णालयाने जागा बदलताना कर्करोगावर किरणोपचार करण्याचे जुने यंत्र मागेच सोडले. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघा जणांनी पडक्या इमारतीतून त्याचा भाग भंगार म्हणून काढून नेला. त्यात शंभर ग्रॅमपेक्षाही कमी सीझियम-१३७ होते. भंगारवाल्याला ती पूड अंधारात निळसर चमकताना दिसली. ती नातेवाइकांत, शेजाऱ्यांत वाटली गेली. कोणी अंगाला लावली. माणसे आजारी पडू लागली तेव्हा घरातल्या एका स्त्रीला त्या वस्तूचा संशय आला, आणि तिने ती पिशवीत घालून बसने आरोग्य कचेरीत पोहोचविली. तिच्यामुळे पुढचा अनर्थ टळला. ती स्वतः वाचली नाही. एका सहा वर्षांच्या मुलीसह चार जण दगावले. सुमारे १,१२,००० लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जणांत किरणोत्सारी द्रव्याचा संसर्ग आढळला.

हे दूर ब्राझीलमध्ये घडले म्हणून आपण निश्चिंत राहावे असेही नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडले. ते दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील, १९८५ पासून न वापरलेल्या यंत्रातून आले होते. यंत्राचा लिलाव झाला आणि भंगार म्हणून ते फोडले गेले. अनेक जण आजारी पडले. एकाला प्राण गमवावे लागले. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ पासून होते, नियमही होते. पण पंचवीस वर्षे अडगळीत पडलेल्या त्या यंत्रात काय आहे, याची आठवण लिलावाच्या वेळेपर्यंत टिकली नाही.

चेर्नोबिल आणि फुकुशिमा

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत सरकारने ही बातमी २८ तारखेच्या संध्याकाळी जाहीर केली. तत्पूर्वी स्वीडनमधील उपकरणांनी ती टिपली होती. किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गाईंच्या दुधात उतरले आणि मुलांच्या गळ्यातील थायरॉईड ग्रंथीत साठले. या आयोडीनची शक्ती दर आठ दिवसांनी निम्मी होते. काही आठवडे ते दूध मुलांना देऊ नका, एवढा निरोप खेडोपाडी वेळेवर गेला असता, तर पुढे कर्करोग झालेल्या हजारो मुलांपैकी पुष्कळांचा आजार टळला असता.

फुकुशिमाचा धडा याच्या उलट बाजूचा आहे. मार्च २०११ मधील भूकंप, सुनामी आणि अणुभट्ट्यांच्या अपघातानंतर दीड लाखाहून अधिक लोक घरे सोडून गेले. किरणांच्या तीव्र माऱ्याने तेथे कोणी मेले नाही. मात्र स्थलांतराची दगदग, तुटलेले उपचार आणि विस्थापितांचे जिणे यांमुळे फुकुशिमा प्रांतात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. धोका लपविणे जितके घातक, तितकेच भयापोटी घाईने केलेले संरक्षणही घातक ठरू शकते.

पुढील आव्हाने

आज सर्वसामान्य माणसाचा किरणांशी संबंध येतो तो रुग्णालयात. पोटाच्या एका सी.टी. स्कॅनमध्ये सुमारे १० मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून चार वर्षांत मिळावी इतकी मात्रा मिळते. या तपासणीने असंख्य प्राण वाचविले आहेत. पण ती खरोखर गरजेची आहे काय, आणि रुग्ण लहान मूल असल्यास मात्रा कमी केली आहे काय, हे विचारण्याचा रुग्णाचा हक्क अजून आपल्या अंगवळणी पडलेला नाही. क्ष-किरणांच्या साहाय्याने हृदयाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनाही मोतीबिंदूचा धोका आढळल्याने २०११ साली आयोगाने डोळ्याच्या भिंगासाठीची वार्षिक मर्यादा १५० वरून सरासरी २० वर आणली.

सर्वांत अवघड प्रश्न आहे तो अणुकचऱ्याचा. प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे २४,००० वर्षे आहे. असा कचरा खोल पुरला, तरी हजारो वर्षांनी तेथे खणणाऱ्या माणसाला 'येथे खणू नका' हे कोणत्या भाषेत सांगायचे? १९८१ साली अमेरिकेत याच प्रश्नासाठी नेमलेल्या मंडळात भाषा व चिन्हे यांचे अभ्यासक थॉमस सिबिओक यांनाही घेण्यात आले. त्यांचे म्हणणे असे की कोणतीही एक भाषा वा चिन्ह दहा हजार वर्षे टिकेल असे धरू नये. प्रत्येक पिढीने तो निरोप आपल्या भाषेत नव्याने लिहून पुढच्या पिढीच्या हाती द्यावा. मराठी माणसाला हे सहज पटावे. १२९० सालची ज्ञानेश्वरी आज अर्थ पाहिल्याविना सर्वांना कळत नाही, आणि पणजोबांच्या हातची मोडीतली कागदपत्रे घरात कोणालाच वाचता येत नाहीत. हा काळ तर काही पिढ्यांचाच.

किरणोत्सर्गाचे तीन पाकळ्यांचे प्रसिद्ध चिन्ह १९४६ साली अमेरिकेत तयार झाले. ज्याला ते शिकविलेले नाही त्याला ते एखादी नक्षी वाटते. म्हणून २००७ साली लाल पार्श्वभूमीवर किरण, कवटी आणि पळणारा माणूस दाखविणारे नवे चिन्ह आले. अकरा देशांत निरनिराळ्या थरांतील लोकांना दाखवून ते पारखले गेले होते.

येथे आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. किरण मोजणे हे पदार्थविज्ञानाचे काम. पण मोजलेले सत्य कारखान्यातील मुलीला, भंगारवाल्याला, दूधवाल्याला आणि अजून न जन्मलेल्या माणसाला कळेल असे सांगणे, हे भाषेचे, इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे काम आहे. ज्या महाराष्ट्रात तुर्भ्याचे अणुसंशोधन केंद्र उभे राहिले आणि तारापूरला १९६९ साली देशातील पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले, तेथे किरणोत्सर्गाविषयी भीती न घालणारे आणि काही न लपविणारे सोपे मराठी लेखन गावोगाव पोहोचले पाहिजे. ते लिहिण्याची जबाबदारी केवळ शास्त्रज्ञांवर सोडून भागणार नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही तिचा वाटा उचलावा, एवढेच या निमित्ताने सुचवावेसे वाटते.