अंगणातला गिअरबॉक्स : गुणोत्तर, सरासरी आणि उलटा क्रम



समप्रमाण, व्यस्तप्रमाण शिकवताना आपण वर्षानुवर्षं तीच उदाहरणं देतो. इतके मजूर, तितके दिवस. मुलं गणित सोडवतात, उत्तरही बरोबर येतं. पण वहीच्या बाहेर हे प्रमाण कुठे भेटतं असं विचारलं की वर्ग गप्प. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या जुन्या मारुती ८०० चा क्लच गेला आणि तीन दिवस गाडी अंगणात उघडी पडली. त्या तीन दिवसांत आठवीतल्या माझ्या मुलीला जे समजलं, ते मला फळ्यावर एका सत्रात समजावता आलं नसतं. म्हणून हा लेख. शेवटपर्यंत वाचा, कारण यात माझी एक चूकही आहे आणि वर्गात सांगण्यासारखी तीच जास्त आहे.

आधी थोडं गाडीविषयी. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढायचा, पण गाडी काही वेग घेईना. अशा वेळी बरेच जण म्हणतात, गिअरबॉक्स खराब झाला. तो बहुतेक वेळा ठणठणीत असतो, घसरत असते ती क्लच प्लेट. पण ही प्लेट इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसते, म्हणून पाचशे ग्रॅमची वस्तू बदलायला अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. घरी हे काम करावं का? मी एकट्यानं केलं नसतं. शेजारी एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले काका आहेत, ते सोबत होते म्हणून धाडस केलं.

सुरक्षेचं आधी सांगतो, कारण पालक हे वाचतायत. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. कडक, सपाट जमिनीवर लोखंडी स्टँड लावायचे आणि गाडीचं वजन त्यांच्यावर सोडायचं. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे मुळीच नकोत, ते न सांगता फुटतात. इथे मी मुलीला पहिला प्रश्न विचारला : “गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली तर हलणार नाही ना?” ती म्हणाली, “नाही हलणार.” काका हसले. या गाडीत गिअर पुढच्या चाकांना धरतो, आणि आपण हवेत उचलली आहेत ती पुढचीच चाकं! हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, म्हणून तो ओढायचा आणि मागच्या चाकांना लाकडी ओंडक्यांची अटक लावायची. मुलीसाठी नियम एकच होता, गाडीच्या खाली डोकंही घालायचं नाही. तिचं काम बाहेर, वही आणि पुठ्ठा घेऊन.

पुठ्ठ्याची युक्ती काकांची. जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाचा आकार काढायचा आणि जो बोल्ट जिथून निघाला तिथेच तो पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. हे बोल्ट सगळे सारख्या लांबीचे नसतात. डबीत एकत्र टाकले की दुसऱ्या दिवशी कोण कुठला ते कळत नाही. शेजारी वहीत अनुक्रमांक घालून मुलगी प्रत्येक पायरी लिहीत होती : बॅटरीची ऋण तार काढली. चाकाचे नट आणि मधला मोठा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. गाडी उचलून स्टँडवर ठेवली. गिअरचं तेल डब्यात काढलं. क्लचची केबल, स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्सच्या दिव्याची वायर, स्टार्टर, गिअरचे रॉड, दोन्ही बाजूंचे शाफ्ट. मग इंजिनला खालून लाकडी ठोकळा ठेवून आधार दिला, कारण गिअरबॉक्स गेला की इंजिन एका बाजूला लोंबकळतं. शेवटी फाउंडेशन सोडलं, भोवतालचे बोल्ट काढले आणि दोघांनी जपून गिअरबॉक्स मागे ओढत उतरवला. एकूण २३ पायऱ्या झाल्या. क्लचवरची काळी धूळ तोंडानं फुंकू नका, जुन्या प्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसून घ्या.

आता गणित. गिअरबॉक्स गोणपाटावर ठेवला. काकांनी हातानं आतला रॉड सरकवून पहिला गिअर पाडला. इंजिनकडून फिरणाऱ्या दांड्यावर खडूनं रेघ मारली. चाकांकडे जाणारे दोन्ही शाफ्ट पुन्हा जागेवर खोचले आणि त्यांच्यावरही रेघा मारल्या. प्रयोग साधा होता : दांडा किती वेळा फिरवला की शाफ्ट एकदा फिरतो?

पुस्तिकेतले आकडे मुलीकडे होते. चार गिअरच्या या मॉडेलमध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण ३.५८ आणि त्यानंतर डिफरन्शियलच्या जोडीचं ४.३५. गुणाकार केला तर सुमारे १५.६. म्हणजे इंजिनच्या साडेपंधरा फेऱ्यांना चाकाची एक. चौथ्या गिअरला ०.९ गुणिले ४.३५, म्हणजे सुमारे ३.९.

मुलीनं मोजलं. पहिल्या गिअरला आलं पावणेआठ! पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. “बाबा, पुस्तक चुकलंय.”

शिक्षक मित्रांनो, असा क्षण आला की लगेच उत्तर सांगू नका. मी म्हटलं, पावणेआठ आणि साडेपंधरा, यात काही दिसतं का? “निम्मं आहे.” बरं, मग निम्मं का? ती गिअरबॉक्सभोवती फिरली आणि तिला दिसलं की एका बाजूचा शाफ्ट ओसरीच्या पायरीला टेकून अडकला होता. तो फिरतच नव्हता, आणि दुसरा दुप्पट फिरत होता. डिफरन्शियलचं काम हेच. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना एकाच दांड्यावर घट्ट बांधलं तर टायर घासत जातील. म्हणून आतली दातेरी चाकं अशी रचलेली असतात की दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांची सरासरी कायम राहते. एक शून्य फिरला तर दुसरा दोन. एक पाऊण फिरला तर दुसरा सव्वा. सरासरी म्हणजे बेरीज भागिले संख्या, हे मुलं शाळेत करतात. पण सरासरी लोखंडात घडवलेली असू शकते हे तिला त्या दिवशी कळलं. चिखलात एक चाक गरगर फिरतं आणि दुसरं ढिम्म हलत नाही, ते का, हेही तिनं स्वतःच जोडून सांगितलं.

हाच प्रयोग वर्गात न्यायचा तर गिअरबॉक्सची गरज नाही. टायरच्या बाजूला लिहिलेले आकडे पुरतात. आमच्या टायरवर १४५/७० आर १२ असं आहे. रुंदी १४५ मिलिमीटर, उंची तिच्या ७० टक्के म्हणजे १०१.५ मिलिमीटर, आतली रिम १२ इंच म्हणजे ३०४.८ मिलिमीटर. उंची दोनदा मिळवली की व्यास सुमारे ५०८ मिलिमीटर आणि परीघ जवळजवळ १.६ मीटर. आता इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेतंय असं धरा. पहिल्या गिअरला चाकाच्या फेऱ्या सुमारे १९२, म्हणजे ताशी १८ किलोमीटरच्या आसपास. चौथ्याला सुमारे ७७० फेऱ्या, ताशी साधारण ७४ किलोमीटर. शतमान, परीघ, एकक रूपांतर आणि गुणोत्तर, सगळं एका गणितात आलं. पुढचा प्रश्न मुलंच विचारतात : मग पहिला गिअर कशाला हवा? वेग चौपट कमी झाला तर फिरवण्याचा जोर, घर्षणातला तोटा सोडला तर, चौपट वाढतो. एक वाढतं तसं दुसरं कमी होतं आणि गुणाकार तोच राहतो. हाच व्यस्तप्रमाणाचा धडा, मजूर आणि दिवसांशिवाय.

आता माझ्या चुकीकडे येतो.

जोडणीला आम्ही रविवारी सकाळी बसलो. मी मुलीला ऐटीत सांगितलं, आता वही खालून वर वाचायची. २३ पासून १ पर्यंत. ३क्ष + ५ = २० सोडवताना आधी ५ वजा करतो आणि मग ३ नं भागतो, तसंच. जे शेवटी केलं ते आधी उलटवायचं. तिला ते आवडलं. काका तेव्हा चहाला घरी गेले होते. मी नवी क्लच प्लेट लावली, वर प्रेशर प्लेट ठेवून बोल्ट आवळले, आणि ते आल्यावर दोघांनी गिअरबॉक्स उचलून बसवायला घेतला.

बोटभर जागा राहिली. हलवला, फिरवला, सरकेचना. माझ्या मनात आलं, दोन लांब बोल्ट लावून आवळत गेलं की आपोआप ओढला जाईल. पाना हातात घेतलाही. काका म्हणाले, “मास्तर, बोल्टनं ओढू नका. कान तुटेल.” गिअरबॉक्सचं आवरण ॲल्युमिनियमचं असतं. असं ओढलं तर त्याचा कान तुटतो किंवा नव्या प्लेटचा मधला भाग वाकतो. तीस किलोच्या आसपासचा तो गोळा आम्ही पुन्हा खाली उतरवला. माझा चेहरा काय झाला असेल ते विचारू नका.

प्रेशर प्लेट उघडून बघितली तर क्लच प्लेट दोन-तीन मिलिमीटर खाली सरकलेली. ती बोल्ट आवळेपर्यंत सुटीच असते आणि आपल्याच वजनानं खाली उतरते. तिच्या मधल्या दातेरी भोकातून गिअरबॉक्सचा दांडा जाऊन पलीकडच्या बेअरिंगमध्ये बसायचा असतो. भोकं समोरासमोर नसतील तर तो जाणार कसा? काकांनी एक गोल काठी घेतली, मुलीनं तिच्यावर दोन जागी चिकटपट्टी गुंडाळून तिची जाडी भोकांएवढी केली, आणि ती काठी आरपार घालून प्लेट मधोमध धरली. मग समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे करत आवळले. गिअरबॉक्स दुसऱ्या खेपेला किंचित डोलवताच आत गेला.

मुलगी वही चाळत म्हणाली, “पण हे आपल्या यादीत नव्हतंच.” खरंच नव्हतं. काढताना प्लेट मधोमध आणावी लागत नाही, ती सरळ हातात येते. म्हणून काढण्याची यादी कितीही नेटकी लिहिली तरी ती उलटून ही पायरी मिळणार नव्हती. माझं समीकरणाचं उदाहरणच अपुरं होतं. मी तिला मग दुसरं दिलं : ५ चा वर्ग २५, उणे ५ चाही २५. आता २५ वरून मागे ये बघू. कुठल्या पाचापाशी पोहोचशील? वर्ग करताना चिन्हाची माहिती गेली, ती परत येताना वेगळी शोधावी लागते. प्लेटचंही तसंच होतं. यादीच्या कडेला तिनं लाल पेनानं लिहिलं, “२२ आणि २१ च्या मध्ये : प्लेट मधोमध आणणे.” खाली आणखी एक नोंद काकांनी घालायला लावली, क्लचच्या केबलची ढिलाई नव्यानं जुळवणे. नवी प्लेट जाड असते, जुनं माप चालत नाही.

सोमवारी संध्याकाळी शाफ्ट, रॉड, केबली सगळं लागलं. मी बॅटरी जोडून चावी हातात घेतली. मुलीनं पुठ्ठा बघितला, रिकामा. वही बघितली. “बाबा, ४ वर खूण नाहीये.” क्रमांक ४ म्हणजे तेल. गिअरबॉक्स कोरडा होता. तसाच फिरवला असता तर आतली बेअरिंग आणि दाते थोड्याच वेळात खलास झाले असते. पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचं तेल पातळीच्या भोकातून ओघळेपर्यंत भरलं, बूच लावलं, आणि मग गाडी स्टँडवरून खाली घेतली. काढलेलं जुनं तेल डब्यात बंद करून गॅरेजमध्ये दिलं, गटारात नाही.

गॅरेजशी ओळख असेल तर भंगारात निघालेलं छोटं डिफरन्शियल मिळतं का विचारा. धुऊन, पुसून टेबलावर ठेवा, दोन मुलांना दोन बाजू धरायला सांगा आणि तिसऱ्याला मधलं चाक फिरवू द्या. फेऱ्या मोजायला चौथा. बोटं दात्यांपासून लांब ठेवायला सांगायचं मात्र विसरू नका.