माल पोचविण्याचा शेवटचा टप्पा : छोटी गाडी कोणाला परवडते?

मुकुंदवाडीतील आपले कारागीर बांधव कपाटे, खिडक्यांच्या जाळ्या, गाद्या, सोफे बनवितात, चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना सुटे भागही पुरवितात. माल चांगला असतो, भावही बरा मिळतो; पण महिनाअखेर हिशेब मांडला की नफ्याचा मोठा हिस्सा टेम्पोभाड्यात गेलेला दिसतो. परगावाहून ट्रकने येणाऱ्या मालाला नगामागे थोडे भाडे पडते. खरा खर्च जालना रोडपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंतचा. सिटी चौक, शहागंज, रोशन गेट या भागांत तर मोठी गाडी गल्लीत शिरत नाही आणि जुन्या दरवाजांपाशी तासभर अडकते.

लांबचा प्रवास मोठ्या वाहनाने आणि शेवटचा हलक्या वाहनाने, ही युक्ती नवी नाही. मुंबईचे डबेवाले 1890 पासून हेच करीत आले आहेत : लांबचे अंतर लोकलने, दारापर्यंत सायकलने. 2005 साली टाटांचा 'एस' आला, लोकांनी त्याला 'छोटा हत्ती' म्हटले आणि गल्लीबोळातला व्यापार बदलला. नगरच्या कायनेटिकची 1972 ची लुना बॅटरीवर 2024 मध्ये परत आली. दीडशे किलोपर्यंतचे ओझे ती वाहते असे कंपनी सांगते. तीनचाकी तर आपल्या वाळूजमध्येच बनतात.

आता बॅटरीच्या गाड्यांविषयी. 2018 च्या ऑक्टोबरमधील केंद्राच्या अधिसूचनेने बॅटरीवरील मालवाहू वाहनांना परमिटमधून सूट मिळाली. याचा अर्थ कागदपत्रे लागत नाहीत असा कोणी घेऊ नये. नोंदणी, विमा आणि परवाना हवाच. गाड्यांतही फरक आहे. ज्याला कायदा ई-कार्ट म्हणतो तिची गती ताशी 25 किलोमीटरपर्यंत आणि ओझे 310 किलोपर्यंत. गादीवाल्याला ती पुरे. लोखंडी कपाटे वाहणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये. ओझे जास्त भरले की ब्रेक व बॅटरी दोन्ही लवकर जातात आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हरकत घेते.

मुख्य प्रश्न परवडण्याचा. आम्ही येथे समजुतीसाठी काही आकडे धरतो, वाचकांनी त्या जागी आपले घालावेत. गाडी चार लाखांची व पाच वर्षे चालणारी, वर्षाला 300 दिवस काम. म्हणजे दिवसाला सुमारे 267 रुपये गाडीचेच झाले. पन्नास किलोमीटरला सहा युनिट वीज, दहा रुपये दराने 60. विमा, टायर आणि पुढे बॅटरी बदलण्यासाठी बाजूला ठेवायचे 120. चालकाची मजुरी 500. एकूण 947. भाड्याचा टेम्पो एका खेपेला 350 घेत असेल, तर दोन खेपांना 700 होतात आणि गाडी तोट्यात. तीन खेपांना 1050 होतात आणि गाडी फायद्यात. सहा खेपा असतील तर एक खेप 158 रुपयांत पडते. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपण घेऊ नये, आपल्या खेपा मोजाव्यात. महिनाभर वहीत रोज लिहा : कोठे, किती किलो, किती भाडे.

खेपा दोनच भरत असतील तर शेजारच्या तिघांनी मिळून गाडी घ्यावी. व्याजाचे कर्ज टाळू इच्छिणाऱ्यांना भिशी किंवा भागीदारी हे मार्ग आहेत. मात्र भागीदारीत कोणाचा माल आधी, बिघाडाचा खर्च कोणाकडे, एकाने अंग काढल्यास त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवायची, हे पहिल्याच दिवशी कागदावर हवे. गोड बोलून सुरू झालेल्या भागीदाऱ्या याच तीन गोष्टींवर मोडतात.

हातगाडीवाल्यांचे काय, असे काही बांधव विचारतात. प्रश्न रास्त आहे. आमच्या मते अर्ध्या किलोमीटरच्या आत हातगाडीच स्वस्त, आणि हमालाशिवाय कपाट जिन्याने वर चढत नाही. चालक हवा असेल तर नवा शोधण्याआधी आपल्याच हातगाडीवाल्याला परवाना काढायला मदत करावी. गल्ल्या आणि गिऱ्हाइके त्यालाच ठाऊक असतात.

खरेदीआधी दोन गोष्टी पाहाव्यात. दुकानातले वायरिंग व अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, कारण गाडी रात्रभर त्यावर लागणार आहे. आणि विक्रेत्याकडून बॅटरीची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, ते लेखी घ्यावे. चाचणी रिकाम्या गाडीने न करता आपला नेहमीचा माल भरून, उड्डाणपुलाच्या चढावर करावी.