नितळ टोमॅटो सूप

प्रश्न : घरी केलेलं टोमॅटो सूप नेहमी दाट आणि गढूळ होतं. पातळ, नितळ सूप कसं करावं?

उत्तर : आधी मिक्सर बाजूला ठेवा. त्यात गर बारीक होऊन रसात मिसळतो, हवा शिरून गुलाबी फेस येतो, आणि बिया भरडल्या गेल्या तर कडवटपणाही उतरतो.

अर्धा किलो पिकलेले, रसदार गावठी टोमॅटो चिरून घ्या. बिया काढू नका. चवीचा मोठा वाटा त्यांच्याभोवतीच्या बुळबुळीत गरात असतो. अर्धा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, म्हणजे पाणी सुटेल. मग तीन कप पाणी, कोथिंबिरीच्या काड्या, चार मिरे आणि एक लवंग घालून मंद आचेवर वीस मिनिटं ठेवा. खळखळून उकळू देऊ नका. डावाने घोटूही नका.

गाळताना खरी परीक्षा. चाळणीवर ओलं मलमलचं फडकं घालून रस ओता आणि चक्क्यासारखा आपोआप निथळू द्या. घाई करून पिळलंत की गढूळ झालंच! रंग फिकट सोनेरी आला तर बिचकू नका; लाल रंगद्रव्य पाण्यात विरघळत नाही, ते चोथ्यातच राहतं. आंबट वाटलं तर चिमूटभर साखर घाला. लोणी मात्र नको, वर तवंग येतो.

चोथा टाकू नका, पावभाजीत छान खपतो.