विद्यार्थ्यासाठी लॅपटॉपची निवड

काळू नदीकाठचे टिटवाळा महागणपतीच्या मंदिरामुळे सर्वपरिचित आहे. येथून नोकरीनिमित्त रोज लोकलने कल्याण, ठाणे व मुंबईकडे जाणाऱ्या अनेक कुटुंबांना नववी-दहावीतील मुलासाठी लॅपटॉप घेणे हा मोठाच खर्च वाटतो. म्हणून खरेदीपूर्वी गरज निश्चित करावी. बालभारतीची ई-पुस्तके वाचणे, 'दीक्षा' या शासकीय मंचावरील पाठ पाहणे, युनिकोड मराठीत प्रकल्प लिहिणे, एवढ्यासाठी ८ जीबी रॅम व २५६ जीबी एसएसडी पुरेशी होते. ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण असलेले यंत्र स्वस्त असले, तरी लवकरच अपुरे पडते. पुष्कळदा त्यातील रॅम वाढविताही येत नाही.

वापरलेले यंत्र घेताना विशेष दक्षता हवी. 'विंडोज १०'ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि सुमारे २०१८ पूर्वीचे बहुतेक प्रोसेसर 'विंडोज ११'साठी ग्राह्य नाहीत. अशा यंत्रावर 'लिनक्स' व 'लिब्रेऑफिस' ही विनामूल्य प्रणाली वापरता येते. बॅटरी, कळफलक व पडदा तपासून पक्की पावती व हमीपत्र घ्यावे.

शिक्षकांनी पालकसभेत एवढी माहिती दिली, तरी अनेक कुटुंबांचा कष्टाचा पैसा वाया जाणार नाही.