जमीन सर्वांची, आराखडा कोणाचा?

अमेरिकेत केंद्र सरकारच्या मालकीची सुमारे ६४ कोटी एकर जमीन आहे. एकाच माळावर कुणाला गुरे चारायची असतात, कुणाला खाण काढायची असते, तर कुणाला वन्य प्राणी राखायचे असतात. मग निर्णय कसा व्हावा? भूव्यवस्थापन खात्याने आराखडे करताना लोकांना सहभागी करून घ्यावे, असे १९७६ च्या कायद्याने ठरवले. खाते मसुदा प्रसिद्ध करते. त्यात निरनिराळे पर्याय व त्यांचे परिणाम मांडलेले असतात. त्यावर कोणीही लेखी मत कळवू शकतो. मात्र हे मतदान नव्हे! नुसते 'खाण नको' म्हणण्यापेक्षा 'येथील झरा कोणत्या महिन्यात किती वाहतो' ही मोजून केलेली नोंद अधिक उपयोगी पडते. विद्यार्थी मित्रांनो, निरीक्षणाची वही नागरिकालाही लागते, ती अशी!