बॅग पुढे गेली आणि माणूस मागे राहिला तर?



चौथीच्या वर्गात 'वाहतूक' शिकवताना मी दरवर्षी एसटी, रेल्वे, जहाज, विमान असा क्रम घेते. या वर्षी विमानापाशी गाडी अडली. माझी मावशी आणि काका 2018 साली त्यांच्या लेकीकडे अमेरिकेला गेले होते, त्याची गोष्ट मी सहज वर्गात सांगितली. मावसबहीण त्यांना ऑरलँडोचं डिस्ने वर्ल्ड दाखवायला घेऊन गेली. परतीच्या दिवशी विमान संध्याकाळचं होतं. पण सामान सकाळीच हॉटेलमध्ये विमान कंपनीच्या नावाने जमा झालं, बोर्डिंग पासही तिथेच मिळाला. दिवसभर हात मोकळे! बॅगा थेट घराजवळच्या विमानतळावर, पट्ट्यावर फिरताना दिसल्या.

मुलं खूश झाली. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, बॅग पुढे गेली आणि माणूस विमानात चढलाच नाही, तर?"

खरं सांगते, मी गडबडले. "उद्या सांगते" म्हणून वेळ मारून नेली आणि घरी येऊन वाचत बसले.

आधी ही सोय काय होती ते सांगते. डिस्नेच्या हॉटेलांमध्ये 2005 पासून पाहुण्यांसाठी विमानतळाची मोफत बस होती आणि तिच्या जोडीला हॉटेलातच चेक-इनची खिडकी. ठराविक विमान कंपन्या आणि देशांतर्गत उड्डाणं, एवढ्यापुरतीच ती होती. विमानाच्या किमान तीन तास आधी सामान द्यावं लागे. कोविडच्या काळात ती खिडकी बंद पडली आणि 2022 च्या सुरुवातीला बसही थांबली. हाँगकाँगमध्ये हेच काम शहरातल्या रेल्वे स्टेशनवर होतं, तिथून प्रवासी रिकाम्या हाताने एअरपोर्ट एक्सप्रेसमध्ये बसतो. आपल्याकडे दिल्ली मेट्रोच्या विमानतळ मार्गावर नवी दिल्ली स्थानकात काही कंपन्यांसाठी अशी सोय केली गेली.

आता त्या प्रश्नाचं उत्तर. ते फार जड आहे. मुलांना मी ते हलकं करून सांगितलं, तुम्हाला मात्र पूर्ण सांगते.

22 जून 1985. कॅनडातल्या व्हँकुव्हर विमानतळावर एका माणसाने टोरोंटोपर्यंतच्या विमानासाठी चेक-इन केलं. पुढच्या एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती, तरी बॅग थेट पुढच्या विमानात टाका म्हणून तो हुज्जत घालत राहिला. मागे रांग वाढत होती. काउंटरवरच्या बाईंनी शेवटी ऐकलं आणि बॅगेला पुढचा टॅग लावला. बॅग गेली, तो माणूस विमानात चढलाच नाही. दुसऱ्या दिवशी 23 जूनला 'कनिष्क' विमान आयर्लंडजवळ समुद्रावर असताना त्या बॅगेतल्या बॉम्बचा स्फोट झाला. 329 माणसं गेली. त्यांत कितीतरी लहान मुलं होती, सुट्टीत आजी-आजोबांकडे भारतात यायला निघालेली. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर अशाच दुसऱ्या बॅगेने सामान उतरवणाऱ्या दोन कामगारांचा जीव घेतला. तीही व्हँकुव्हरहूनच निघाली होती.

त्यानंतर प्रवासी आणि त्याची बॅग यांची जोडी जुळवण्याचे नियम जगभर कडक झाले. म्हणून कधी कधी विमानात बसल्यावर घोषणा होते, एक प्रवासी आला नाही, त्याचं सामान उतरवत आहोत. आपण वैतागतो. मीही वैतागले आहे एकदा, आता नाही वैतागणार.

मग हॉटेलमध्ये बॅग देणं धोक्याचं का? तसं नाही. तिथे ओळखपत्र पाहतात, टॅग लावतात, आणि पुढे विमानतळावर प्रत्येक बॅगेची तपासणी होतेच. अमेरिकेत 2002 च्या अखेरपासून विमानाच्या पोटात जाणारं सगळं सामान तपासतात. हॉटेलात दिलं म्हणून तपासणी चुकत नाही. फक्त रांगेत आपण नसतो.

वर्गात मी हे खेळातून घेतलं. जाड कागदाच्या चिठ्ठ्या केल्या, प्रत्येकीवर एकच आकडा दोनदा लिहिला आणि मधोमध फाडल्या. अर्धी दप्तराला, अर्धी मुलाच्या हातात. खरा टॅगही असाच असतो: दहा आकडी क्रमांक आणि विमानतळाची तीन अक्षरं. (मुंबईची अजून बी-ओ-एम आहेत, हे कळल्यावर मुलं जाम हसली.) एक मूल हॉटेलवाला, एक गाडीवाला, एक तपासनीस, एक हमाल. दप्तर पुढे देताना प्रत्येकाने वहीत आकडा लिहून सही करायची. मग मी गुपचूप एका प्रवाशाला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. विमान सुटायची वेळ झाली, प्रवासी एक कमी! मुलांनी वही उघडली, आकडा शोधला, दप्तर ढिगातून ओढून काढलं. सात मिनिटं लागली. प्रश्न विचारणारा पोरगा म्हणाला, "आता कळलं विमानाला उशीर का होतो."

दुसऱ्या फेरीत एकाने सही न करताच दप्तर पुढे सरकवलं. ते नेमकं कोणाकडे हरवलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही. या फेरीत जास्त भांडणं झाली आणि शिकणंही जास्त झालं. ही फेरी वगळू नका.

पालकांसाठी दोन गोष्टी. हॉटेलच्या रिसेप्शनवर 'बॅग ठेवा' म्हणून दिली की जो बिल्ला मिळतो, तो विमानाचा टॅग नव्हे. ती नुसती सांभाळायला दिलेली बॅग, विमानतळावर न्यायची आपणच. आणि "बॅग तुम्ही स्वतः भरली का?" असं विचारलं की सवयीने "हो" म्हणून मोकळे होऊ नका. शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलासाठी दिलेलं पुडकं आत असेल तर ते सांगा. मुलं शेजारी उभी राहून ऐकत असतात.

मावशीच्या गोष्टीतला एक भाग मी वर्गात सांगितला नव्हता. रेल्वेत बर्थखाली साखळी-कुलूप लावून झोपणारी आमची मावशी त्या सकाळी लेकीच्या आग्रहाने बॅग देऊन बसली, आणि दुपारी जेवताना आठवलं की बीपीच्या गोळ्या त्यातच आहेत. बॅग परत मिळेना, तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय गोळी मिळेना. रात्री घरी पोहोचून बॅग उघडेपर्यंत डोकं धरून बसली होती. बहिणीला अजून त्याची बोच आहे. तेव्हा औषधं, पासपोर्ट, पैसे, दागिने आपल्या हातातल्या पिशवीत. पॉवर बँकही हातातच, ती मोठ्या बॅगेत चालतच नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांना घरच्या प्रवासाच्या सामानाचे दोन ढीग करायला सांगणार आहे: हातातलं आणि पुढे जाणारं. कोणती वस्तू कुठे आणि का, हे मुलांनी आई-बाबांना पटवून द्यायचं.